मुलाच्या मृत्यूनंतरचा अहवाल: इंग्लंडच्या आढावा यंत्रणेचे परीक्षण

बालसंरक्षण यंत्रणेच्या दप्तरी नाव असलेले मूल मारहाणीने किंवा हेळसांडीने दगावले, की इंग्लंडमध्ये एक ठरावीक काम सुरू होते. काय घडले, कोणाला काय ठाऊक होते, कोठे चुकले आणि पुढे काय बदलायचे, याचा आढावा घेऊन तो लोकांपुढे ठेवणे ही तेथे कायद्याने बांधून दिलेली सेवा आहे. या सेवेचे परीक्षण मी वाचक या नात्याने लिहीत आहे. जनतेच्या पैशातून चालणारी कोणतीही सेवा वेळेवर मिळते का, विश्वासाची आहे का आणि तिचा उपयोग होतो का, हे जसे विचारले जाते तसे ते या सेवेबद्दलही विचारायला हवे, असे मला वाटते. अभिप्राय आधीच सांगून टाकतो. घटना उलगडून सांगण्यात ही यंत्रणा वाकबगार आहे आणि अलीकडे तिने वेगही घेतला आहे. पण केलेली शिफारस अमलात आली की नाही हे पाहायला ठरल्या दिवशी परत जाणारे तिच्यात कोणी नाही, आणि जिचा सगळा खटाटोप पुढच्या मुलासाठी आहे अशा सेवेत ही उणीव किरकोळ ठरत नाही.

आजची रचना 2017 च्या ‘चिल्ड्रन अँड सोशल वर्क अ‍ॅक्ट’मधून आली. त्याआधी ‘सीरियस केस रिव्ह्यू’ या नावाने स्थानिक पातळीवर आढावे होत, त्यांना वर्ष-वर्ष लागे, आणि सरकारच्या सांगण्यावरून त्या पद्धतीची तपासणी करणाऱ्या ॲलन वुड यांनी 2016 मध्ये ती मोडीत काढण्याची शिफारस केली. आता मूल दगावल्याचे किंवा गंभीर जखमी झाल्याचे व त्यामागे अत्याचाराची शंका असल्याचे कळल्यापासून कामाच्या 5 दिवसांत स्थानिक प्रशासनाने अशा आढाव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय पॅनेलला कळवायचे असते. कामाच्या 15 दिवसांत पोलीस, आरोग्य आणि समाजसेवा या तिघांनी मिळून एक झटपट आढावा पुरा करायचा असतो, आणि त्यावरून सविस्तर आढावा लागेल असे ठरले तर तो साधारण सहा महिन्यांत प्रसिद्ध करायचा असतो. 15 दिवसांची ही मुदत मला या साऱ्या रचनेतला सर्वांत चांगला बदल वाटतो. जे कर्मचारी त्या घरात जाऊन आले त्यांच्या आठवणी तेव्हा ताज्या असतात, कागद अजून हलवलेले नसतात, आणि ज्या चुकीसाठी वर्षभर थांबण्याची गरज नाही ती लगेच दुरुस्त करता येते. फौजदारी खटला चालू असला की सविस्तर अहवाल रेंगाळतो, हे मात्र अजूनही सुटलेले नाही.

याच्या जोडीने दुसरी एक शांत यंत्रणा चालते आणि तिच्याकडे वर्तमानपत्रांचे लक्ष क्वचित जाते. इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूचा, मग तो कर्करोगाने झालेला असो, रस्त्यावरच्या अपघातात असो वा पाळण्यात अचानक झालेला असो, स्थानिक बालमृत्यू पॅनेलपुढे आढावा होतो. मृत्यूची सूचना 48 तासांत जाते, मृत्यूचे कारण दहा वर्गांपैकी एकात बसवले जाते, आणि ‘बदलता आली असती अशी परिस्थिती’ कोणती होती हे लिहावे लागते. एप्रिल 2019 पासून या नोंदी ब्रिस्टल विद्यापीठातल्या राष्ट्रीय बालमृत्यू डेटाबेसमध्ये जमा होतात. वर्षाला तीन हजारांहून अधिक मृत्यूंची अशी नोंद होते. त्यांत हेतुपुरस्सर इजेचा किंवा हेळसांडीचा वर्ग आकड्याने लहान असला तरी बाकीच्या वर्गांच्या शेजारी ठेवून पाहता आल्यामुळे तो समजतो. एकाच पॅनेलकडे वर्षाला किमान साठ मृत्यू यावेत अशी अपेक्षा ठेवलेली आहे, कारण चार-पाच प्रकरणांतून कोणताही नमुना दिसत नाही. मृत मुलाच्या कुटुंबाला या बैठकांना बोलावत नाहीत. मात्र त्यांच्या वतीने प्रश्न मांडण्यासाठी आणि त्यांना उत्तर कळवण्यासाठी एक ठरलेली व्यक्ती असावी, असे 2018 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही सोय अगदी साधी आहे आणि तिला मी पूर्ण गुण देईन.

परंतु या सेवेची खरी परीक्षा तिच्या सर्वांत गाजलेल्या अहवालावर करावी लागते. आयव्हरी कोस्टहून आलेली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए 25 फेब्रुवारी 2000 रोजी लंडनमध्ये मरण पावली. तिच्या अंगावर 128 जखमा मोजल्या गेल्या. लॉर्ड लेमिंग यांनी चौकशी केली आणि जानेवारी 2003 मध्ये अहवाल दिला. चार समाजसेवा विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके, दोन रुग्णालये आणि एक स्वयंसेवी केंद्र अशा इतक्या ठिकाणी तिची नोंद झालेली होती, आणि तिला वाचवता आले असते असे किमान बारा प्रसंग लेमिंग यांनी दाखवून दिले. एका रुग्णालयात एका डॉक्टरला मारहाणीची शंका आली. वरिष्ठांनी खरजेचे निदान केले, आणि त्या एका शब्दाने पुढच्या सगळ्या कार्यालयांचा सूर बदलला. खरूज म्हटल्यावर पोलिसांना रस राहिला नाही आणि समाजसेवा विभागाला घाई राहिली नाही. अहवालातली जी नोंद वाचताना मी पान उलटायचा थांबलो ती तर फक्त एका तारखेची आहे: ज्या दिवशी व्हिक्टोरिया गेली त्याच दिवशी हॅरिंगे या स्थानिक प्रशासनाने तिचे प्रकरण रीतसर बंद केले. मुलीशी संपर्क होत नाही, म्हणून काम उरले नाही, असा तो हिशेब होता. चौकशी समितीला त्यावर एकही विशेषण वापरावे लागले नाही.

हे लेखन म्हणून उत्तम आहे, आणि शिफारशींच्या बाबतीतही लेमिंग सरकारी चौकशीत सहसा दिसत नाही इतके काटेकोर होते. त्यांनी 108 शिफारशी केल्या आणि त्यांना मुदती घातल्या: काही तीन महिन्यांत, काही सहा महिन्यांत, उरलेल्या दोन वर्षांत. प्रत्येक शिफारस कोणी पाळायची हेही लिहिलेले होते. इथपर्यंत सेवा जशी असावी तशी मिळाली, असे म्हणायला हवे. पुढे काय होते ते पाहण्यासाठी मी एकच शिफारस धरून तिच्या मागे गेलो, कारण 108 चा माग काढणे एका वाचकाच्या आवाक्यातले नाही.

ती शिफारस अशी होती: सोळा वर्षांखालच्या सर्व मुलांची एक राष्ट्रीय नोंद ठेवता येईल का, याचा सरकारने अभ्यास करावा. म्हणजे एखादे मूल एका भागातून दुसऱ्या भागात हलले तरी आधी कोणत्या कार्यालयाने त्याला पाहिले हे नव्या कार्यालयाला कळावे. त्यातून ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ नावाची प्रणाली उभी राहिली. तिला 2009 उजाडले. खासगी माहितीच्या सुरक्षिततेवरून आणि खर्चावरून तिला कडाडून विरोध झाला, सरकार बदलले, आणि ऑगस्ट 2010 मध्ये ती बंद करण्यात आली. बंद करण्याला कारणे होती, आणि सगळ्या देशातल्या मुलांची यादी एका संगणकात असावी का हा प्रश्न मुळात गैर नव्हता. मला खटकते ते पुढचे. ज्या अडचणीवर ही प्रणाली उपाय म्हणून आली होती ती अडचण तशीच राहिली, आणि तिचे आता काय करणार हे विचारणारे कोणी पद वा कोणती समिती उरली नव्हती. डिसेंबर 2024 मध्ये संसदेत आलेल्या मुलांविषयीच्या विधेयकात प्रत्येक मुलाला सर्व खात्यांत एकच ओळख-क्रमांक देण्याची तरतूद पुन्हा अवतरली. जानेवारी 2003 ते डिसेंबर 2024. व्हिक्टोरियाच्या वयाची दोन मुले एकापाठोपाठ वाढवली तरी इतका काळ भरत नाही.

मधल्या काळात, ऑगस्ट 2007 मध्ये, त्याच हॅरिंगेमध्ये सतरा महिन्यांचा पीटर कॉनेली मरण पावला. आठ महिन्यांत सरकारी कर्मचाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी त्याला सुमारे साठ वेळा पाहिले होते. मृत्यूच्या काही दिवस आधी घरी आलेल्या कर्मचारी महिलेला जखमा दिसू नयेत म्हणून त्याच्या तोंडाला चॉकलेट फासलेले होते, हे खटल्यात उघड झाले. या प्रकरणाचा पहिला आढावा त्याच प्रशासनाच्या देखरेखीखाली झाला, त्याचा फक्त सारांश बाहेर आला, त्यात मुलाचे नाव ‘चाइल्ड ए’ होते, आणि तपासणी संस्थेनेच तो अपुरा ठरवला. मग दुसरा आढावा करावा लागला. दोन्ही पूर्ण अहवाल लोकांच्या हाती आले ते ऑक्टोबर 2010 मध्ये. ज्याचे चुकले त्यानेच आपला पंचनामा लिहायचा आणि वर त्याचा सारांशही त्यानेच करायचा, ही पद्धत कुठल्याही दुकानात चालली नसती.

दोषाचा दुसरा पैलूही इथेच दिसतो. मंत्र्यांच्या आदेशानंतर हॅरिंगेच्या बालसेवा संचालिकेला दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर पदावरून दूर करण्यात आले आणि 2011 मध्ये अपील न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली. दरम्यान देशभर मुलांना घरातून काढून घेण्यासाठीचे न्यायालयीन अर्ज वाढले, कारण प्रत्येक कार्यालयाला आपल्या भागातला पुढचा पीटर दिसू लागला. आढावा शिकण्यासाठी आहे असे मुखपृष्ठावर लिहिलेले असते. पण तो वाचणाऱ्या कर्मचाऱ्याने शिकायचे ठरवले तरी त्याला आधी स्वतःला वाचवायचे असते. ज्या अहवालातून नोकरी जाण्याची भीती आहे त्याच्यासमोर कोणी मोकळेपणाने बोलणार नाही, आणि ज्यात कोणाचेच काही चुकले नाही असा अहवाल जनता मानणार नाही. या कात्रीतून यंत्रणा अजून सुटलेली नाही, आणि मला वाटते पूर्णपणे सुटणारही नाही.

शिफारशींच्या दर्जाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. 2011 ते 2014 या काळातल्या 293 आणि त्यानंतरच्या तीन वर्षांतल्या 368 प्रकरणांचे एकत्रित विश्लेषण विद्यापीठांतल्या संशोधकांनी केले आहे. दोन्हीकडे साधारण चाळीस टक्के मुले एक वर्षाच्या आतली होती, आणि दोन्हीकडे तीच ती कारणे निघाली: एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला पोहोचली नाही, घरातल्या पुरुषाविषयी कोणी विचारले नाही, आईच्या सांगण्यावर भरवसा ठेवला आणि मुलाशी एकटे कोणी बोलले नाही. स्थानिक अहवालांच्या शेवटी मात्र यावर ‘कर्मचाऱ्यांना स्मरण करून द्यावे’, ‘प्रशिक्षण घ्यावे’, ‘कार्यपद्धती सुधारावी’ अशी वाक्ये येतात. ही वाक्ये पाळणे फार सोपे असते. एक दिवसाचे प्रशिक्षण झाले, हजेरीपटावर सह्या झाल्या, की शिफारशीपुढे बरोबरची खूण पडते आणि अहवाल दप्तरी दाखल होतो. ज्या कर्मचाऱ्याकडे झेपतील त्यापेक्षा जास्त कुटुंबे आहेत त्याला प्रशिक्षणातून जास्तीचा तास मिळत नाही.

प्राध्यापक आयलीन मनरो यांनी 2011 च्या आपल्या अहवालात हेच वेगळ्या बाजूने दाखवले. प्रत्येक मृत्यूनंतर नियमांत भर पडत गेली आणि बालसंरक्षणाची राष्ट्रीय मार्गदर्शिका 1974 च्या मानाने पंचावन्न पट लांब झाली. पाने वाढली तशी कर्मचाऱ्यांची नजर मुलाकडून अर्जाकडे वळली, कारण तपासणीला येणारे अधिकारी अर्ज तपासत. मनरो यांच्यानंतर 2013 ची आवृत्ती शंभर पानांच्या आत आणली गेली. शिफारशींनीच पुढच्या शिफारशींची गरज निर्माण केली असे म्हणणे थोडे वाकडे वाटेल, पण मार्गदर्शिकेची पाने मोजली तर ते फारसे खोटे नाही.

आता नव्या राष्ट्रीय पॅनेलविषयी. मे 2022 मध्ये त्यांनी आर्थर लॅबिन्यो-ह्यूज आणि स्टार हॉब्सन या दोन मुलांच्या 2020 मधल्या मृत्यूंवर एकत्रित अहवाल दिला आणि त्यात नुसत्या स्मरणपत्रावर न थांबता एक ठोस रचना सुचवली: पोलीस, आरोग्य आणि समाजसेवेतल्या अनुभवी माणसांचे, एकाच ठिकाणी काम करणारे बालसंरक्षण पथक. दोन्ही कुटुंबांतल्या नातेवाइकांनी वेळोवेळी काळजी कळवली होती, छायाचित्रेसुद्धा दिली होती, आणि तरीही ती सगळी माहिती एका टेबलावर आली नाही, हे त्यामागचे निरीक्षण. अशा पथकांची तरतूद डिसेंबर 2024 च्या त्याच विधेयकात आली. अडीच वर्षे लागली. मागच्या अनुभवाच्या मानाने हे पुष्कळ लवकर झाले. पण पॅनेलच्या हातात अंमलबजावणी करवून घेण्याचा अधिकार नाही. ते पत्र लिहू शकतात, वार्षिक अहवालात नाराजी नोंदवू शकतात, स्थानिक आढाव्याचा दर्जा खालावला असे सांगू शकतात. तेवढ्यावर सगळे थांबते.

प्रकाशनाच्या नियमातही एक गोष्ट मला अनाकलनीय वाटते: स्थानिक अहवाल किमान एक वर्ष लोकांना उपलब्ध असावा, इतकेच बंधन आहे. मुलाच्या मृत्यूचा अहवाल वर्षभराने स्थानिक संकेतस्थळावरून काढला तरी नियमभंग होत नाही. एनएसपीसीसी या संस्थेने 2013 पासून हे अहवाल एका ठिकाणी जमवून ठेवले नसते, तर जुन्या प्रकरणांशी नवे प्रकरण ताडून पाहणे सामान्य वाचकाला अशक्य होते. सरकारी सेवेची ही उणीव एका धर्मादाय संस्थेने भरून काढली आहे.

त्याच देशात, त्याच मृत्यूंच्या संदर्भात, अधिक चांगली पद्धत शेजारच्या खिडकीवर उपलब्ध आहे, हे पाहिले की तक्रार अधिकच रास्त वाटते. मृत्यूची न्यायिक चौकशी करणाऱ्या कॉरोनरला भविष्यातले मृत्यू टळावेत म्हणून अहवाल काढता येतो. तो नेमक्या कार्यालयाच्या नावाने जातो, आणि त्या कार्यालयाने काय केले, काय करणार किंवा का करणार नाही, याचे लेखी उत्तर 56 दिवसांत द्यावे लागते. पत्र आणि उत्तर दोन्ही सहसा प्रसिद्ध होतात. कॉरोनरलाही सक्ती करता येत नाही, आणि काही उत्तरे गुळमुळीत असतात, हे खरे. पण गुळमुळीत उत्तर छापलेले असले की ते कोणालाही दाखवता येते. बालसुरक्षेच्या आढाव्याला अशी 56 दिवसांची, निदान वर्षभरानंतरची, नावानिशी उत्तराची अट लावायला नवीन संशोधनाची गरज नाही.

इतरत्र हे अधिक चांगले जमलेले आहे का, तर काही ठिकाणी होय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये बालमृत्यू आढावा पथक 2011 पासून ओम्बुड्समनच्या, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या, अध्यक्षतेखाली आहे. त्यांचा अहवाल थेट संसदेकडे जातो आणि आधीच्या शिफारशींचे काय झाले हे त्यातच लिहिलेले असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा धडा उलट्या बाजूचा आहे. तेथे एका पाच वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवर न्यायाधीश गोव्ह यांनी 1995 मध्ये अहवाल दिला, त्यातून मुलांच्या मृत्यूंचा आढावा घेणारा स्वतंत्र आयोग झाला, आणि 2002 मध्ये काटकसरीच्या धोरणात तो मोडून काम कॉरोनरकडे दिले गेले. काही वर्षांनी कळले की बालमृत्यूंच्या शेकडो फाइली आढाव्याविना गोदामात पडून होत्या. निवृत्त न्यायाधीश टेड ह्यूज यांच्या 2006 च्या अहवालानंतर मुलांसाठी विधिमंडळाला उत्तरदायी असे प्रतिनिधीपद निर्माण झाले. अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीने 1978 मध्येच असे पथक स्थापन केले होते. तरी अत्याचाराने किंवा हेळसांडीने झालेल्या बालमृत्यूंची देशपातळीवरची मोजणी राज्यांनी स्वेच्छेने दिलेल्या आकड्यांवर चालते, आणि 2022 च्या आर्थिक वर्षासाठी 1,990 मृत्यूंचा जो अंदाज निघाला तो खऱ्या संख्येपेक्षा कमी असावा, असे तेथील जाणकारांचे जुने म्हणणे आहे. मोजणीच लंगडी असेल तर आढावा कशाचा घ्यायचा, या बाबतीत इंग्लंडचा डेटाबेस पुष्कळ पुढे आहे.

कोणाला हे अहवाल वाचायचे असतील तर लेमिंग यांच्यापासून सुरुवात करावी आणि पाठोपाठ 2022 चा अहवाल घ्यावा. मधले स्थानिक अहवाल एकामागून एक वाचू नयेत, मन बधिर होते. प्रत्येक अहवाल उघडल्यावर आधी शेवटच्या पानांवर जावे, शिफारशीपुढे एखाद्या कार्यालयाचे नाव आणि तारीख आहे का ते पाहावे, आणि असेल तर ती तारीख उलटून गेल्यावर त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर उत्तर शोधावे. मी हे चार-पाच अहवालांच्या बाबतीत करून पाहिले. एकाच ठिकाणी उत्तर मिळाले, आणि तेही ‘काम प्रगतिपथावर आहे’ असे.